आयसीयूत ओपीओचा माणूस येतो तेव्हा: अमेरिकेतल्या अवयवदानाची प्रक्रिया, पायरी-पायरीने

अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स काढायला डीएमव्हीत गेलं की काउंटरवर एक प्रश्न येतो: अवयवदाता म्हणून नाव नोंदवायचं आहे का? मागे रांग असते, हातात कागदांची चळत असते, आणि आपण दोन-तीन सेकंदांत हो किंवा नाही सांगून मोकळे होतो. घरी येऊन त्याबद्दल कुणी बोलत नाही. पण अठरा वर्षांपुढच्या माणसाने तिथे दिलेला होकार हा कायद्याने त्याचा अखेरचा शब्द असतो, हे बहुतेकांना माहीत नसतं.

मी हॉस्पिटलांमध्ये मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम करते. आयसीयूच्या शेजारी एक छोटी खोली असते. दोन सोफे, टिश्यूचा डबा, भिंतीवर एखादं निसर्गचित्र. त्या खोलीत आपली माणसं एकाच बैठकीत तीन गोष्टी पहिल्यांदा ऐकतात: आपला माणूस गेला आहे, तरी त्याचं हृदय चालू आहे, आणि त्याने अवयवदानासाठी नाव नोंदवलं होतं. यातलं एकेक पचवायलाही दिवस लागावेत. म्हणून ही माहिती त्या खोलीत जायची वेळ येण्याच्या खूप आधी, घरी निवांत बसून वाचावी, यासाठी लिहिते आहे.

ओपीओ म्हणजे कोण

ओपीओ म्हणजे मृत दात्याचे अवयव मिळवून ते प्रत्यारोपणापर्यंत नेण्याचं काम पाहणारी ना-नफा संस्था. देशभरात अशा 55च्या आसपास संस्था आहेत. प्रत्येकीला केंद्र सरकारने एक भूभाग नेमून दिलेला असतो आणि त्या भागातल्या सगळ्या हॉस्पिटलांचं काम तिच्याकडेच असतं. एका भागात दोन ओपीओ नसतात, त्यामुळे कुटुंबाला संस्था निवडावी लागत नाही.

या सगळ्याचा पाया 1984 च्या राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कायद्याने घातला. त्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली, आणि देशभरासाठी एकच प्रतीक्षायादी व वाटपाचं जाळं उभारायला सांगितलं. या जाळ्याला ओपीटीएन म्हणतात. त्याचं काम 1986 पासून व्हर्जिनियातल्या रिचमंडची युनॉस ही संस्था पाहत आली. 2023 च्या नव्या कायद्याने ते एकाहून अधिक संस्थांमध्ये वाटून देण्याचा मार्ग मोकळा केला.

थोडक्यात, उपचार हॉस्पिटलचे डॉक्टर करतात, मृत्यूही तेच ठरवतात. दानाबद्दल कुटुंबाशी बोलणं आणि अवयवांची व्यवस्था ओपीओ पाहते. अवयव कुणाला द्यायचा त्याचा क्रम राष्ट्रीय यादी लावते. तो रुग्णाला बसवण्याचं काम प्रत्यारोपण केंद्राचं. ही चार कामं मुद्दाम वेगवेगळ्या हातांत ठेवलेली आहेत. पुढचं सगळं वाचताना ही विभागणी डोक्यात राहू द्या, कारण कुटुंबांच्या मनातल्या बहुतेक शंकांचं उत्तर तिच्यात आहे.

पायरी पहिली: हॉस्पिटलचा फोन

हॉस्पिटलमध्ये होणारा प्रत्येक मृत्यू आणि मृत्यू जवळ आलेला प्रत्येक रुग्ण ओपीओला कळवणं केंद्र सरकारच्या नियमाने 1998 पासून बंधनकारक आहे. वय, धर्म, आजार, नोंदणी आहे की नाही, काही न पाहता कळवायचं असतं. साधारणपणे रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे आणि त्याचा ग्लासगो कोमा स्कोअर, म्हणजे शुद्ध किती आहे ते मोजणारा आकडा, पाच किंवा त्याहून खाली गेला आहे, मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाचे प्रतिसाद बंद होत चालले आहेत, किंवा यंत्रं काढण्याविषयी कुटुंबाशी बोलणं होणार आहे, अशा वेळी नर्स फोन करते. बहुतेक ठिकाणी तासाभरात करायचा असा दंडक आहे.

हा फोन म्हणजे फक्त सूचना असते. उपचार त्यामुळे थांबत नाहीत, बदलतही नाहीत. आपल्या लोकांत एक भीती फार खोल बसलेली आहे: लायसन्सवर डोनर लिहिलं असेल तर डॉक्टर वाचवायला झटणार नाहीत. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना नोंदणी पाहायचं काही कारणच नसतं. नोंदणी तपासते ती ओपीओ, आणि तीही हा फोन आल्यानंतर. शिवाय व्यवहारातही ते उलटं आहे. रक्तदाब, प्राणवायू, लघवी हे सगळं अखेरपर्यंत नीट सांभाळलं गेलं तरच अवयव देण्याजोगे राहतात.

मरणाऱ्या दर हजार माणसांपैकी जेमतेम तिघांचा मृत्यू असा होतो की अवयवदान शक्य व्हावं. घरी झोपेत गेलेल्या माणसाचं हृदय किंवा लिव्हर देता येत नाही. म्हणून बहुतेक फोन तिथेच संपतात. डोळ्यांची पारपटलं, त्वचा, हाडं, हृदयाच्या झडपा मात्र मृत्यूनंतर काही तासांनीही देता येतात. त्यासाठी व्हेंटिलेटर लागत नाही. अशा वेळी ऊतक पेढीचा किंवा नेत्रपेढीचा फोन घरीही येऊ शकतो.

पायरी दुसरी: मृत्यू ठरवणं

इथे मी थोडी थांबून लिहिणार आहे, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो.

मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे. कोमातल्या माणसाचा मेंदू जखमी असतो, पण जिवंत असतो. मेंदूमृत्यूत मेंदूच्या तळाच्या भागासकट सगळ्या मेंदूचं काम कायमचं बंद पडलेलं असतं. श्वास घ्यायची आज्ञा मेंदूच्या तळातूनच सुटते, म्हणून असा माणूस स्वतःहून एकही श्वास घेत नाही. हृदयाला मात्र त्याची स्वतःची विजेची ठिणगी असते. प्राणवायू मिळत राहिला की ते काही काळ धडधडत राहतं. हा विचार वैद्यकात 1968 च्या हार्वर्ड समितीच्या अहवालाने रुजवला आणि 1981 च्या नमुना कायद्याने त्याला देशभर कायदेशीर रूप मिळालं.

एकदा एका मुलाचे आई-वडील भारतातून व्हिडिओ कॉलवर होते. आई म्हणाली, "अगं, त्याची छाती हलतेय. मला इथून दिसतंय." डॉक्टरांनी इंग्रजीत जे सांगितलं ते शब्दाला शब्द लावून सांगून भागलं नसतं, म्हणून मी डॉक्टरांची परवानगी घेतली आणि म्हटलं, "काकू, ती छाती मशीन हलवतंय. मशीन मिनिटाला जितक्या वेळा हवा भरतं, तितक्याच वेळा ती वर येते. त्याचा स्वतःचा श्वास आहे का, हे पाहायची एक चाचणी आहे. हवी तर ती तुमच्यासमोर करू म्हणतायत डॉक्टर." त्यांनी होकार दिला. कॅमेरा छातीवर धरला. मशीनपासून नळी वेगळी करून प्राणवायू तेवढा चालू ठेवला. आठ-दहा मिनिटं सगळ्यांनी ती निळी चादर पाहिली. ती हलली नाही. वडील हळूच म्हणाले, "कळलं."

ही ॲप्निया टेस्ट. ती व्हेंटिलेटर बंद करून माणसाला गुदमरवण्याची चाचणी नाही. प्राणवायू चालूच असतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि तो 60 च्या वर जाऊनही, आधीपेक्षा निदान 20 ने चढूनही, श्वास घेण्याची धडपड होत नाही ना, ते पाहतात. तिच्याआधी बाहुल्यांवर प्रकाश टाकणं, पारपटलाला स्पर्श, कानात थंड पाणी, घशात नळी लागल्यावर ठसका येतो का, हे सगळं तपासलेलं असतं. गुंगीची औषधं, शरीर फार गार पडणं, रक्तातले क्षार बिघडणं अशी चकवणारी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. 2023 च्या सुधारित मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांची किमान एकदा आणि लहान मुलांची दोनदा तपासणी होते. काही हॉस्पिटलं मोठ्यांचीही दोनदा करतात.

तुम्ही विचारू शकता: चाचणी कोण करणार, किती वेळा करणार, आम्हाला पाहता येईल का. बहुतेक ठिकाणी पाहू देतात, आणि माझ्या अनुभवात पाहिलेल्या कुटुंबांच्या मनाला पुढे कमी टोचणी लागते. न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. रुग्णाच्या धार्मिक श्रद्धेत बसत नसेल तर तिथल्या कायद्याने मेंदूमृत्यूवरून मृत्यू घोषित करता येत नाही. हृदय थांबेपर्यंत वाट पाहावी लागते.

घोषणेची वेळ हीच कायद्याने मृत्यूची वेळ. मृत्यूच्या दाखल्यावर तीच येते, शस्त्रक्रियेची नव्हे. श्राद्धाची तिथी धरणाऱ्या घरांत हा प्रश्न हमखास येतो.

दुसरा मार्ग: हृदय थांबल्यानंतरचं दान

कधी मेंदूला इतकी इजा झालेली असते की माणूस परत येणार नाही, पण मेंदूमृत्यूच्या सगळ्या कसोट्या पुऱ्या होत नाहीत. कुटुंब आणि डॉक्टर मिळून यंत्रं काढायचं ठरवतात. हा निर्णय आधी होतो. दानाचा विषय त्याच्यानंतरच निघायला हवा. आता मृत दात्यांपैकी दहात चार जण या मार्गाने येतात.

ठरलेल्या वेळी, बहुधा ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा त्याच्या शेजारी, हॉस्पिटलचे डॉक्टर व्हेंटिलेटर काढतात. घरची माणसं जवळ बसू शकतात. अवयव काढणारे सर्जन त्या खोलीत नसतात. हृदय थांबलं की साधारण पाच मिनिटं हात न लावता थांबतात, ते पुन्हा आपणहून सुरू होत नाही याची खात्री करतात, मग डॉक्टर मृत्यू घोषित करतात. साधारण तास-दीड तासात हृदय थांबलं नाही, तर दान होत नाही. माणसाला खोलीत परत नेऊन त्याची शेवटपर्यंतची शुश्रूषा चालू राहते. ही शक्यता कुटुंबाला आधी सांगितलेली असली पाहिजे.

याच मार्गात चुका झाल्याचंही उघड झालं आहे. जुलै 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने एका ओपीओच्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. संमती मिळूनही दान पूर्ण न झालेली 351 प्रकरणं तपासली गेली. त्यांतल्या 103 मध्ये काळजी वाटावी अशा गोष्टी होत्या, आणि 73 रुग्णांमध्ये दानाशी विसंगत अशी मेंदूची लक्षणं होती. हे लपवून दानाचा प्रचार करणं मला पटत नाही. यातून तुम्ही घ्यायचं ते इतकंच: रुग्ण डोळे उघडतोय, हात ओढून घेतोय, रडतोय असं वाटलं तर मोठ्याने सांगा, "थांबा, आधी तपासा." हे म्हणायचा हक्क नर्सपासून भावापर्यंत सगळ्यांना आहे आणि प्रक्रिया कुठल्याही क्षणी थांबवता येते.

पायरी तिसरी: संमती

माणूस गेल्याची बातमी डॉक्टर देतात. दानाचा विषय ओपीओचा माणूस, किंवा त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेला माणूसच काढतो. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगू नयेत असा चांगला प्रघात आहे.

नोंदणी केलेली असेल तर ओपीओ परवानगी मागत नाही, निर्णय कळवते. हा फरक कुटुंबांना जड जातो. "आम्हाला विचारणारच नाही का?" असं एका काकांनी मला विचारलं होतं. विचारणार नाहीत, कारण ज्याला विचारायचं त्याला आधीच विचारलेलं आहे. सज्ञान माणसाची नोंदणी बायको, मुलं, आई-वडील कुणीही फिरवू शकत नाहीत. पंधरा-सोळा वर्षांची मुलं लायसन्ससोबत नोंदणी करू शकतात, पण अठरा पूर्ण होईपर्यंत शेवटचा शब्द आई-वडिलांचा.

नोंदणी नसेल तर कायद्याने ठरवलेला क्रम आहे. वैद्यकीय निर्णयांसाठी लेखी नेमलेला प्रतिनिधी, मग नवरा किंवा बायको, मग सज्ञान मुलं, आई-वडील, भावंडं, आणि त्यापुढचे. आपल्याकडे अशा वेळी सगळ्यांत मोठ्या काकांचा शब्द चालतो. इथे सही मात्र बायकोची लागते. काकांना फोन जरूर करा, पण कागद कुणापुढे येणार हे ठाऊक असू द्या.

संमतीच्या फॉर्मवर प्रत्येक अवयवाचं आणि ऊतकाचं नाव वेगळं असतं. हृदय द्यायचं नाही पण किडन्या द्यायच्या, डोळे नकोत, असं सांगता येतं. प्रत्यारोपण आणि संशोधन या दोन वेगळ्या ओळी असतात, त्या नीट वाचा. नात्यातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्याला किडनीची गरज असेल तर त्याचं नाव सांगून त्याला देता येते, अर्थात ती त्याला जुळली तर. ही गोष्ट कुणी आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारा. "फक्त आपल्या समाजातल्या माणसालाच द्या" अशी अट मात्र मान्य होत नाही.

त्यानंतर येते लांबलचक प्रश्नावली. परदेश प्रवास, गोंदण, दारू, लैंगिक संबंध, तुरुंगवास, जुने आजार. सासू-सासऱ्यांसमोर सुनेला हे प्रश्न विचारले जातात तेव्हा खोलीतली हवा बदलते. अशा वेळी सरळ म्हणा, "हे मी एकटी असताना विचारा." त्यात काही गैर नाही, आणि उत्तरं खरी मिळणं ज्याला अवयव मिळणार आहे त्याच्या जिवाशी जोडलेलं आहे.

दुभाषी मागा. तो फुकट मिळतो आणि तुमचा कायदेशीर हक्क आहे. एका ठिकाणी मी पोचेपर्यंत घरातल्याच अठरा-एकोणीस वर्षांच्या भाच्याला मध्ये बसवून मामाच्या मृत्यूची बातमी आजीला सांगायला लावली होती. त्या पोराला 'ब्रेन डेड'चं मराठी येत नव्हतं. तो म्हणाला, "मामाचं डोकं काम करत नाहीये." आजीला वाटलं, बरा होईल. पुढचे दोन दिवस ती त्याच आशेवर होती. घरच्या कुणावरही हे ओझं टाकू देऊ नका.

पायरी चौथी: दात्याची शुश्रूषा

मेंदूमृत्यू घोषित झाल्यावर ओपीओचा कोऑर्डिनेटर हॉस्पिटलच्या चमूसोबत शरीराची काळजी घेतो. ते सोपं नसतं. मेंदू बंद पडला की रक्तदाब, तापमान, संप्रेरकं सांभाळणारं कुणी उरत नाही. लघवी लिटर-लिटरने जाऊ लागते, शरीर गार पडतं, रक्तदाब कोसळतो. मग थायरॉइडचं संप्रेरक, व्हॅसोप्रेसिन, स्टेरॉइड, इन्सुलिन, गरम हवेची पांघरुणं. रक्तदाबाचा वरचा आकडा शंभराच्या वर आणि लघवी तासाला शंभर मिलिलिटरच्या आसपास ठेवायची धडपड रात्रभर चालते.

त्याच वेळी तपासण्या होतात. रक्तगट दोनदा, वेगवेगळ्या नमुन्यांतून. पेशींची ओळख पटवणारी एचएलए चाचणी, एचआयव्ही आणि कावीळ ब व क, हृदयाची सोनोग्राफी, कधी अँजिओग्राफी, फुफ्फुसांत दुर्बीण घालून पाहणी. क कावीळ किंवा मधुमेह असला म्हणजे दाता बाद झाला, असं आता राहिलेलं नाही. वयाचीही ठोस मर्यादा नाही, सत्तरी ओलांडलेल्यांची लिव्हरंही वापरली जातात. अपघात, खून, आत्महत्या असेल तर मेडिकल एक्झामिनर किंवा कॉरोनरची परवानगी लागते, तीही ओपीओच मिळवते.

या सगळ्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात. कुटुंबाने रोज थांबायलाच हवं असं नाही. घरी जा, आंघोळ करा, झोपा. कोऑर्डिनेटरचा थेट नंबर घ्या आणि दिवसातून दोनदा कळवायला सांगा.

पायरी पाचवी: कुणाला मिळणार

दात्याची माहिती राष्ट्रीय संगणकात भरली की प्रत्येक अवयवासाठी वेगळी यादी निघते. तिला मॅच रन म्हणतात. पैसा, प्रसिद्धी, वंश, धर्म यांपैकी काही त्यात नसतं. नागरिकत्वही नसतं. एच-वन किंवा ग्रीन कार्डवरचा माणूस देऊही शकतो आणि घेऊही शकतो.

निकष अवयवागणिक बदलतात. लिव्हरसाठी मेल्ड स्कोअर, 6 ते 40. जितका जास्त तितका माणूस मरणाच्या जवळ. हृदयाच्या रुग्णांचे सहा दर्जे, पहिला सर्वांत निकडीचा. फुफ्फुसांसाठी 2023 पासून निकड, जुळणी, अंतर वगैरे सगळ्याचे मिळून गुण. किडनीसाठी जुळणी, वाट पाहिलेली वर्षं आणि दात्याच्या हॉस्पिटलपासून 250 सागरी मैलांचं वर्तुळ. किडनीचा प्रतीक्षाकाळ डायलिसिस सुरू झालेल्या तारखेपासून मोजतात, यादीत नाव उशिरा आलं तरी.

आपल्यासाठी इथे एक खास गोष्ट आहे. वंश पाहून वाटप होत नाही, पण रक्तगट पाहूनच होतं, आणि भारतीयांत बी गट गोऱ्या अमेरिकनांपेक्षा बराच जास्त आढळतो. बी गटाच्या दात्यांची संख्या कमी, म्हणून त्या गटाचे किडनीचे रुग्ण जास्त वर्षं ताटकळतात. एचएलएची जुळणीही सारख्या वंशाच्या लोकांत सापडण्याची शक्यता अधिक. आपल्यातला एक जण नोंदणी करतो तेव्हा ज्यांना फायदा होण्याची शक्यता जास्त, त्यांत आपलेच लोक असतात.

यादीच्या क्रमाने कोऑर्डिनेटर केंद्रांना अवयव देऊ करतो. पहाटे तीन वाजता कुठल्या तरी सर्जनचा फोन वाजतो, तो आकडे पाहतो, हो म्हणतो किंवा नाही. नाही म्हटलं की पुढचं नाव. एका किडनीसाठी कधी शंभरांहून जास्त नकार येतात आणि ती जुनी होत जाते. ओपीओच्या कामातला सगळ्यांत थकवणारा भाग हाच.

पायरी सहावी: शस्त्रक्रिया आणि प्रवास

सगळी केंद्रं ठरली की थिएटरची वेळ ठरते. हृदयाचा चमू विमानाने येतोय, लिव्हरचा गाडीने, सगळ्यांची घड्याळं एकत्र जुळवावी लागतात.

आयसीयूतून थिएटरकडे नेताना पुष्कळ हॉस्पिटलांत ऑनर वॉक करतात. नर्स, सफाई कामगार, डॉक्टर कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना मान खाली घालून उभे राहतात आणि खाट मधून जाते. बोलत कुणी नाही, फक्त चाकांचा आवाज असतो. कुटुंबाला नको असेल तर हे होत नाही. तुळशीचं पान, गंगाजल, कानात नामस्मरण हे त्याआधी आयसीयूत करता येतं. नर्सला आधी सांगा. तोंडात पाणी घालू देणार नाहीत, पण ओठ ओले करता येतात. दिवा लावता येत नाही, प्राणवायू असतो.

थिएटरमध्ये सुरी लावण्याआधी क्षणभर शांतता पाळतात. कुटुंबाने लिहून दिलेल्या चार ओळी कोऑर्डिनेटर तिथे वाचून दाखवतो. मग महाधमनीला चिमटा लावला जातो, थंड द्रावण आत सोडतात, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. बर्फावर ठेवलेलं हृदय आणि फुफ्फुसं चार ते सहा तास टिकतात, लिव्हर आठ ते बारा, किडन्या चोवीस ते छत्तीस. म्हणून हृदय खासगी विमानाने जातं आणि किडनी कधी कधी प्रवासी विमानाच्या पोटात खोक्यातून. तीन निर्जंतुक थरांत बांधलेली, वर बारकोड लावलेली. अलीकडे अवयवात गरम रक्त फिरवत ठेवणारी यंत्रं आली आहेत. त्यांनी या वेळा बऱ्याच ताणल्या आहेत.

पायरी सातवी: नंतर

शरीर टाके घालून नीट शिवलं जातं. अंगावर कपडे घातल्यावर काही दिसत नाही, व्ह्यूइंग ठेवता येतं, अग्निसंस्कारात काही अडत नाही. पार्थिव भारतात न्यायचं असेल तरी दानामुळे आडकाठी येत नाही. फ्यूनरल होमला आणि वकिलातीच्या कागदांसाठी धावणाऱ्या माणसाला दोन-तीन दिवस जास्त लागतील एवढं आधी सांगा, म्हणजे विमानाची तिकिटं घाईत काढली जाणार नाहीत.

खर्चाचं सरळ आहे. दानासाठी लागलेला खर्च ओपीओ भरते. त्याआधीच्या उपचारांचं बिल आणि अंत्यविधीचा खर्च कुटुंबाचा. बिलात मृत्यूच्या घोषणेनंतरच्या तारखांच्या तपासण्या दिसल्या तर भरू नका, ओपीओला फोन करून बिल त्यांच्याकडे वळवायला सांगा.

काही आठवड्यांनी ओपीओकडून पत्र येतं: अमुक वयाच्या बाईला लिव्हर मिळालं, दोन मुलांच्या बापाला किडनी. नावं नसतात. तुम्ही पत्र लिहू शकता, तेही ओपीओमार्फतच जातं. मराठीत लिहिलं तरी चालेल, भाषांतराची सोय करायला सांगा. दोन्ही बाजूंची लेखी तयारी असेल तरच भेट होते. उत्तर आलंच नाही तर मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्याच्या मृत्यूवर आपण जगतो आहोत या जाणिवेने कित्येकांचा हात कागदावर चालत नाही.

आज काय करायचं

देशात एक लाखाहून जास्त लोक यादीत आहेत, त्यांतले बहुसंख्य किडनीसाठी. 2024 मध्ये 48,000 हून अधिक प्रत्यारोपणं झाली, आणि तरी रोज सरासरी तेरा जण वाट पाहता पाहता जातात.

नोंदणी डीएमव्हीत, ऑनलाइन किंवा आयफोनच्या हेल्थ ॲपमधून होते. ती कधीही बदलता येते, काढता येते. नकार असेल तर तोही घरच्यांना सांगा, लिहून ठेवा. त्यालाही तितकाच मान आहे. वैद्यकीय निर्णयांसाठी कुणाला नेमायचं त्याचा फॉर्म प्रत्येक राज्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

आणि भारतातल्या आई-वडिलांना सांगा. फोनवर, एखाद्या रविवारी, इतर बोलण्याच्या ओघात: "आई, मी इथे अवयवदानाला नाव दिलंय." ती रागावेल, "असलं अभद्र बोलू नकोस" म्हणेल आणि विषय बदलेल. बदलू द्या. तिच्या कानावर पडलेलं असतं. त्या व्हिडिओ कॉलवरच्या काकू शेवटी मला म्हणाल्या होत्या, "दिवाळीत बोलला होता तो मला. मी ओरडले होते त्याला." आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून डॉक्टरांना म्हणाल्या, "त्याने म्हटलंय तसं करा."